कामावाचून दाम

गेल्या चातुर्मासात एके सायंकाळी आरती आटोपून आम्ही सभामंडपात बसलो असता, आमच्या परिचयातील एका गृहिणीने आपला मोबाईल आमच्यापुढे धरला. 2018 साली गोव्यातील खाणकाम थांबले तेव्हा त्यांच्या यजमानांना ट्रक विकावा लागला होता. तेव्हापासून घरात काही ना काही मिळकत आणण्याची त्यांची खटपट चालू असे. मोबाईलवर कोणा अनोळखी बाईचा निरोप होता. घरबसल्या काही चित्रफितींना पसंतीची खूण करावयाची, आणि प्रत्येक खुणेस पन्नास रुपये. बाईंनी तीन खुणा केल्या होत्या आणि दीडशे रुपये त्यांच्या खात्यात खरोखरच जमा झाले होते. आम्ही शंका बोलून दाखविताच त्या म्हणाल्या, “पयशे तर आयले, मागीर तें फटीचें कशें?”

या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी आम्हांस देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. “असल्या गोष्टींच्या नादी लागू नये,” एवढेच आम्ही बोललो. आणि ज्याला गरज आहे त्याला नुसता निषेध पटत नाही. पुढे जे घडले ते थोडक्यात असे. चौथ्या दिवशी त्यांना ‘आगाऊ काम’ देण्यात आले : हजार रुपये भरा, तेराशे परत घ्या. तेराशे परत आले. मग पाच हजार भरावयास सांगण्यात आले, मग पंधरा हजार. मोबाईलच्या पडद्यावर त्यांच्या नावापुढील आकडा वाढत होता, पण तो हाती घेऊ म्हटले की आधी ‘कर’ भरा, मग ‘दंड’ भरा, असे उत्तर येई. ज्या समूहात त्यांस सामील करून घेतले होते, तेथे रोज दहा-वीस माणसे आपल्याला पैसे मिळाल्याचे पुरावे दाखवून आभार मानीत. ती सारी त्याच टोळीची माणसे होती. मधल्या काळात, नवा माणूस आणल्यास जादा रक्कम मिळते म्हणून, बाईंनी आपल्या जाऊबाईंनाही त्यात आणले होते.

अशा वेळी आपल्या समाजात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘लोभ नडला.’ आम्हांस हे वाक्य अन्यायाचे वाटते. दिवसाकाठी तीनचारशे रुपयांची आशा धरणे हा लोभ असेल, तर आपणांपैकी निर्लोभ कोण? शिवाय लबाडाने जो धागा पकडला तो लोभाचा नसून विश्वासाचा होता. आधी त्याने दिले, मग मागितले; आणि ज्याने आपल्याला दिले त्याला नाही म्हणणे सज्जन माणसाला जड जाते. तेव्हा विश्वास ठेवला हा त्यांचा दोष नव्हे. खरा प्रश्न असा की, विश्वास टाकण्यापूर्वी कोणती गोष्ट पाहावयास हवी होती?

आमच्या मते ती गोष्ट एकच : या कामाची गरज कोणाला आहे? आपले लोक घरी बसून काम करीत आले आहेत, ते काही आजचे नव्हे. देवीच्या वेणीसाठी अबोलीचे वळेसर गुंफणाऱ्या बाया घरच्या ओसरीवरच बसतात. त्यांच्या फुलांची गरज देवळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या भक्ताला असते, आणि पैसा त्याच्या खिशातून येतो. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटण्यास आरंभ केला, त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. तेथे पीठ संस्थेचे, विक्रीची चिंता संस्थेची. बाई पीठ घरी नेते, पापड लाटून आणते, ते तोलून घेतले जातात आणि लाटणावळ हाती पडते. या साखळीच्या शेवटी पापड खाणारा माणूस आहे. चित्रफितीला खूण करणाऱ्या बाईच्या साखळीच्या शेवटी मात्र कोणीच नाही. तिच्या खुणेची जगात कोणाला गरज नव्हती. मग ते दीडशे रुपये आले कोठून? बहुधा आदल्या आठवड्यात फसलेल्या दुसऱ्या कोणा बाईच्या खात्यातून. ‘पयशे तर आयले’ या बोलण्याचे उत्तर हे आहे, आणि ते आम्हांस फार उशिरा सुचले.

ही कसोटी लावली की बाकीच्या खुणा आपोआप दिसू लागतात. ज्याला काम करून हवे आहे तो दाम देतो, मागत नाही. म्हणून नोंदणी, अनामत, प्रशिक्षण अशा कोणत्याही नावाने आधी पैसे मागणारा धनी संशयास्पद होय. येथे कोणी म्हणेल, शिंपीकाम करणारी बाई यंत्र विकत घेते, ते आगाऊ पैसे नव्हेत काय? आहेत, परंतु ते यंत्र तिच्या घरी राहते, उद्या दुसऱ्याचे कपडे शिवते. अनामत भरणाऱ्याच्या हाती काय राहते? टंकलेखनाच्या कामातील फसवणूक तर याहून कुटिल असते. करारावर सही घेतात, न वाचता येणारी पाने उतरवावयास देतात, शेकड्यास अमुक इतकी अचूकता साधली नाही म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस धाडतात आणि दंडाची मागणी करतात. खऱ्या न्यायालयाचे समन्स फोनवरून पैसे मागत नाही, एवढे ज्याला ठाऊक आहे तो या भीतीतून सुटतो.

तरीसुद्धा खरे काम म्हणजे न्याय्य काम, असा याचा अर्थ नव्हे. बेळगाव जिल्ह्यात निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायांचे काम पूर्ण खरे. विडी ओढणारा आहे, पाने-तंबाखू कंत्राटदार देतो, मजुरी हजारी मोजली जाते. पण सदोष म्हणून विड्या बाजूला काढावयाच्या, त्यांची मजुरी द्यावयाची नाही आणि त्या ठेवून मात्र घ्यावयाच्या, हा प्रकार तेथे वर्षानुवर्षे चालला. 1966 साली विडी-कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यात घरी बसून वळणाऱ्यांचाही विचार करावा लागला. फसवणूक आणि शोषण या दोन वस्तू निराळ्या आहेत. पहिलीपासून माणूस एकटा दूर राहू शकतो, दुसरीसाठी त्याला संघटना लागते.

आता जाऊबाईंची गोष्ट. त्यांचे गेलेले पैसे कोणाच्या माथी? बाईंना काहीच ठाऊक नव्हते, म्हणून त्या निर्दोष, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण जाऊबाईंना आणल्याबद्दल त्यांना दोनशे रुपये मिळाले होते, आणि त्या दोनशे रुपयांसाठी कोणते काम झाले, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला नव्हता. पाच यमांत अस्तेय गणले आहे. चोरी न करणे एवढाच त्याचा अर्थ घेतला तर तो फार सोपा होतो. जे आपल्याकडे कसे आले हे आपल्याला ठाऊक नाही, ते ठेवून न घेणे, इतका अर्थ घेतला तरच आजच्या काळी त्याचा उपयोग. याच टोळ्या तरुण मुलांना ‘तुझे बँकखाते महिनाभर दे, भाडे देऊ’ असे सांगतात. तेही म्हणे घरबसल्या काम! त्या खात्यातून लुटीचा पैसा वाहतो आणि पोलीस प्रथम त्या मुलाच्याच दारी येतात. डिसेंबर 2023 मध्ये अशा अर्धवेळ कामाच्या नावाने फसविणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे केंद्र सरकारने बंद केली, ती चालविणारे परदेशात बसलेले असल्याचेही सांगितले. परंतु भाड्याची खाती आपल्याच गावांतील होती.

फसलेला माणूस बहुधा गप्प राहतो, आणि तेच लबाडाच्या पथ्यावर पडते. 1930 या क्रमांकावर तत्काळ कळविले, तर पैसा पुढे सरकण्यापूर्वी खाते गोठविता येण्याची शक्यता असते. येथे एकेक तास मोलाचा. आमच्या परिचित बाईंनी ‘लोभ नडला’ हे ऐकावे लागेल या धास्तीने नऊ दिवस कोणास सांगितले नाही. नऊ दिवसांनी हाती काही उरले नव्हते.

हल्ली त्या आमसुले करून विकतात. मिळकत बेताची आहे. दर महिन्यास त्यातून पाचशे रुपये काढून त्या जाऊबाईंना देतात. जाऊबाई पहिल्यांदा घेईनात; आता घेतात. हे देणे त्यांच्यावर बंधनकारक होते का, यावर देवळाच्या पायरीवर आमचा दोघातिघांचा अजून वाद चालू आहे. बाईंनी मात्र आम्हांपैकी कोणाला विचारले नाही.