छज्ज्यावरचा माणूस

उन्हाळा तोंडावर आला की शहरातल्या इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर माणसे दिसू लागतात. चौथ्या-पाचव्या मजल्यावर खिडकीच्या ग्रिलचे छोटे दार उघडते, एसी दुरुस्तीला आलेला तरुण चप्पल आत काढून ठेवतो आणि दीड वीत रुंदीच्या छज्ज्यावर पाऊल टाकतो. एका हातात ग्रिलचा गज, दुसऱ्या हातात पाना. आउटडोअर युनिट लोखंडी ब्रॅकेटवर भिंतीबाहेर बसवलेले. ते धुवायचे, गॅसचा दाब पाहायचा, कॉपर पाइपचा सांधा घट्ट करायचा, आणि हे सगळे वाकून. आतून हेल्पर त्याचा कमरपट्टा नाहीतर मनगट धरून उभा असतो. घरातले कोणीतरी 'सांभाळून हं' म्हणते. अर्ध्या तासात काम उरकते, काहीशे रुपये दिले जातात, ग्रिलचे दार लागते. हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही खटकत नाही. मला त्यात एक देणे दिसते. त्या तरुणाने पाय बाहेर टाकला की त्याला तिथे पाठवणाऱ्यावर ते नैतिकदृष्ट्या चढलेले असते. अपघात झाला तर ते फक्त उघड्यावर येते. म्हणून सेवा पुरवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाने उतरवलेला कामगारांचा विमा हा मला उपकार वाटत नाही, आणि चैन तर नाहीच. तो त्या तरुणाच्या मजुरीचाच भाग आहे.

हा विचार मुंबईला नवा नाही. 1884 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 5,500 गिरणी कामगारांनी सह्यांचा अर्ज केला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्या लक्षात राहिली. त्याच अर्जात असेही होते की, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा यायला 1923 साल उजाडले. त्यातल्या तरतुदी आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. गाभा तोच आहे: काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढे पुरे; मालकाची चूक दाखवून द्यावी लागत नाही. मृत्यू झाल्यास मासिक पगाराच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. पंचविसाव्या वर्षी तो गुणक 216.91 आहे. पगार पंधरा हजार धरला तर भरपाई 16,26,825 रुपये होते. चार माणसांच्या एसी दुरुस्तीच्या दुकानाकडे एवढी रक्कम कुठून असणार? दहा किंवा त्याहून अधिक माणसे असतील तर कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते. त्याहून लहान दुकाने सर्वसाधारणपणे त्याच्या बाहेर राहतात. म्हणजे कायद्याने देणे लावले, पण ते फेडण्याची सोय मालकाच्या मर्जीवर सोडली. ज्या मोटारसायकलवरून हा तरुण आपल्याकडे येतो, तिचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. माणूस मात्र विम्याशिवाय छज्ज्यावर उतरवता येतो.

यावर पहिले उत्तर येते ते खर्चाचे. छोटा धंदा, मार्जिन कमी, शेजारचा दुकानदार शंभर रुपयांनी स्वस्त. अडचण खरी आहे, पण तिचा हिशेब मांडून पाहावा. विम्याचा हप्ता माणसांच्या वर्षभराच्या पगारावर आणि कामातल्या धोक्यावर ठरतो. समजा, एका माणसामागे तो वर्षाला पाच हजार रुपये आला. रोज सहा ठिकाणी काम आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका भेटीमागे तीन रुपयेही पडत नाहीत. गिऱ्हाईक तीन रुपयांसाठी दुकान बदलत नाही. खरी अडचण वेगळी आहे. हप्ता आज भरावा लागतो आणि अपघात उद्याचा, कदाचित कधीच न होणारा. म्हणून पगार कमी दाखवला जातो, रोजंदारीवरच्या हेल्परचे नावच दिले जात नाही, आणि प्रसंग आला की विमा कंपनी त्याच कागदावर बोट ठेवते. दुसरीकडे काही मालक समजतात की कामगाराचा पंतप्रधान सुरक्षा विमा आहे, भागले. ती वर्षाला वीस रुपयांची, दोन लाखांची, त्याने स्वतःच्या खात्यातून घेतलेली पॉलिसी असते. मालकाचे देणे तिने एका रुपयानेही कमी होत नाही. 'मी माझ्या जबाबदारीवर काम करतो' असे लिहून घेतलेल्या कागदालाही कायद्यापुढे किंमत नाही. हक्क सोडून देणारा असा करार मुळातच रद्दबातल असतो. मृत्यूनंतर घरच्यांच्या हातावर ठेवलेली रोख रक्कमसुद्धा सहसा भरपाई म्हणून धरली जात नाही. ती सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. दुःखात बुडालेल्या बाईकडून चार पैशांत मिटवून घेतले जाऊ नये, हे ज्यांनी ती तरतूद लिहिली त्यांना नीट कळले होते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे: विमा काढला की मालक निर्धास्त होईल, सुरक्षेकडे दुर्लक्ष करील. भीती रास्त आहे. पण विमा पैशांचे देणे भागवतो, गुन्हा पोटात घालत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती कोणतीही कंपनी भोगत नाही. शिवाय वाजवी खबरदारी घेण्याची अट पॉलिसीतच असते. तरीही मी मान्य करीन की, सुरक्षेशिवायचा विमा म्हणजे मरणाची किंमत आधी ठरवून ठेवणे. माणूस खाली पडू नये, ही पहिली गोष्ट. आणि इथे सगळे अडते ते दोर कशाला बांधायचा यावर. 'मुलेच बेल्ट लावत नाहीत' असे मालक सांगतात, आणि ते बऱ्याचदा खरेही असते. पण हार्नेस घातला तरी त्याचा हुक अडकवायला भक्कम जागा लागते. खिडकीचे ग्रिल चार स्क्रूंवर बसवलेले असते. पडणाऱ्या माणसाचा झटका सोसण्यासाठी ते केलेले नसते. नव्या इमारतींत आउटडोअर युनिट दर्शनी भागात दिसू नये म्हणून कोनाडा काढतात, पण ते दुरुस्त करायला माणूस कुठे उभा राहील याची रेघ नकाशात नसते. दिवसाला ठरावीक भेटी पुऱ्या करायच्या असतील तर गच्चीवरून दोर सोडायला वेळ कोण देतो? मग सारा दोष त्या मुलावर टाकणे अन्यायाचे आहे. कायद्यानेही हे ओळखले आहे. सुरक्षेचे साधन मुद्दाम काढले, ही सबब मालकाला एरवीच्या दुखापतीत चालते. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर चालत नाही.

 

राहिले आपण, गिऱ्हाईक. आपण मालक नाही, आपल्यावर कायद्याचा बोजा नाही, हे घरगुती ग्राहकापुरते बहुतेक वेळा बरोबर आहे. पण स्वस्त दर आपण मागितला, ग्रिलचे दार आपण उघडले, आणि त्या अर्ध्या तासात आपण तिथेच उभे होतो. म्हणून या उन्हाळ्यात एसीवाल्याला फोन कराल तेव्हा दर विचारून झाल्यावर आणखी दोन गोष्टी विचारा: माणसांची पॉलिसी चालू आहे का, आणि दोर कशाला बांधणार? 'ग्रिलला' असे उत्तर आले तर ते काम होऊ देऊ नका. आणि सोसायटीच्या येत्या सभेत, रंगकामाच्या विषयाआधी, गच्चीवर पक्के लोखंडी हुक बसवण्याचा ठराव मांडा.