सही कुणाची?

इंदूरच्या सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे बरेच कारखाने आहेत. तिथल्याच एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले मामा आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी भाची यांच्यात एका प्रसंगावरून वाद पेटला. समजा, रात्रपाळीचा केमिस्ट आजारी पडून घरी गेला. औषधातले घटक मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचा कॉम्प्युटर त्याच्याच लॉगिनवर उघडा राहिला. तपासणी पूर्ण झाली आहे, निकालावर सही तेवढी बाकी. शेजारच्या केमिस्टला सगळं काम येतं. तिनं त्याच्याच लॉगिनवर सहीचं बटण दाबावं का?

"दाबावं," मामा म्हणाले. "नमुना खरा, आकडे खरे. खोटं आहे कुठं?"

"सहीत. मशीननं त्याची ओळख पटवून घेतली ती संध्याकाळी, एकदाच. ते ऑथेंटिकेशन. लॉगिन मात्र रात्रभर चालू राहिलं. संध्याकाळच्या त्या खात्रीवर तुम्ही पहाटेची सही उरकताय."

मुद्दा नेमका वेळेचा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९७ मध्ये लागू केलेल्या 'भाग ११' या नियमात तो दिसतो. एकाच सलग सेशनमध्ये अनेक सह्या करायच्या असतील, तर पहिल्या सहीला आयडी आणि पासवर्ड दोन्ही लागतात. पुढच्या प्रत्येक सहीला त्यातलं निदान एक, आणि तेही फक्त त्याच माणसाला वापरता येईल असं. आत आलेल्यालाही पुन्हा विचारायचं.

मामा हटले नाहीत. "आणि पासवर्डच दुसऱ्याचा असला तर?"

तसं घडलंय. एमआयटीच्या सीटीएसएस या सामायिक संगणक यंत्रणेत प्रत्येकाला पासवर्ड होता. १९६२ मध्ये तिथल्या एका संशोधकानं जास्त संगणक-वेळ मिळावा म्हणून सगळ्या पासवर्डांची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावानं काम केलं. पासवर्ड बरोबर होते. माणूस दुसराच होता.

"म्हणून अंगठा," भाची म्हणाली.

"अंगठा? माल उचलून उचलून बोटांच्या रेषा झिजलेले मजूर बघ. आधारचा सर्व्हर 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगतो. माणूस समोर उभा, आणि उत्तर 'नाही'!"

भाची थोडा वेळ गप्प राहिली. "त्या 'नाही'चा अर्थ 'हा तो नव्हे' असा घ्यायचाच नाही, मामा. मशीनला पटलं नाही, एवढंच. मग ओटीपी, बुबुळं, चेहरा, काहीतरी दुसरी वाट हवीच. त्या रात्रीच्या केमिस्टलाही तशीच वाट हवी: आधीचं सेशन बंद, स्वतःचा आयडी, आणि ती मध्येच का बसली याची नोंद."

इथं मामांनी जे विचारलं, ते या वादातलं सगळ्यात मोलाचं. "स्वतःचा आयडी तिला दिलाय का कुणी? छोट्या कारखान्यात सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे पैसे वाचवायला चौघांत एक लॉगिन असतं."

"ते तर चालतच नाही," भाची म्हणाली. अमेरिकेच्या त्याच औषध प्रशासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही नोंदी करता किंवा बदलता येतील अशा सामायिक लॉगिनला जागा नाही. काम कुणी केलं हे त्यातून कळत नाही.

"मग आधी मालकाला चार आयडी घ्यायला लावा," मामा म्हणाले, "आणि मग त्या पोरीला जाब विचारा."