‘लोकमान्य’मधला ल

क, म आणि ल ही तिन्ही अक्षरे पोटात असलेला लांबलचक मराठी शब्द सांगा, असे गिरगावातल्या एखाद्या वर्गात विचारले तर कुणीतरी ‘लोकमान्य’ म्हणेल. उत्तर बरोबर धरायचे का? ल आहे, पण तो ‘लो’ आहे. म आहे, पण तो ‘मा’ आहे. सुटा, उघडा असा फक्त क. इंग्रजीत हा वाद उद्भवत नाही. तिथे स्वरही स्वतंत्र अक्षर म्हणून ओळीत उभा असतो. म्हणूनच दिलेल्या अक्षरांवरून शब्द शोधण्याचा खेळ आपण शिकलो तो इंग्रजीत आणि इंग्रजीच्या नियमांनी. मराठीचे नियम मात्र आपण कधी बसून ठरवलेच नाहीत. ही उणीव खेळापुरती नाही, असे माझे म्हणणे आहे.

हा खेळ हलका समजू नये. ‘अनकॉपीराइटेबल’ या इंग्रजी शब्दात पंधरा अक्षरे आहेत आणि एकही दुसऱ्यांदा येत नाही. ‘फॅसीशस’मध्ये पाचही स्वर वर्णमालेच्याच क्रमाने येतात. असे शब्द दैवाने सापडत नाहीत. मुरलेला खेळाडू आधी ‘अन’, ‘एबल’, ‘नेस’ असे उपसर्ग-प्रत्यय बाजूला काढतो आणि उरलेल्या अक्षरांत मूळ शब्द हुडकतो. शब्द कुठे जोडला गेला आहे हे ज्याला दिसते, त्यालाच लांब शब्द सापडतो.

यात कौशल्य किती आणि नशीब किती, हा प्रश्न आपल्याकडे न्यायालयापर्यंत गेला. बंगलोरहून चालणाऱ्या आर.एम.डी.सी. शब्दकोड्यांच्या प्रवेशिका आणि फी मुंबई राज्यातल्या केंद्रांवर गोळा होत. राज्याने 1948च्या कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर लादला होता. या कोड्यांचे चालक चामरबागवाला यांचा त्यावरचा दावा मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1957 साली निकाली निघाला. केंद्राच्या 1955च्या कायद्याने तर बक्षीस स्पर्धेची व्याख्याच अक्षरे, शब्द किंवा आकडे यांची जुळणी, मांडणी आणि अदलाबदल यांवर आधारलेले कोडे अशी केली. महिन्याच्या बक्षिसांची मर्यादा हजार रुपये, प्रवेशिकांची दोन हजार. जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पण जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते त्या स्पर्धांना हा कायदा लागू नाही, हेही सांगितले. अक्षरांच्या खेळातल्या बुद्धीला मिळालेली ही मान्यता मला मोलाची वाटते.

मराठीत ती बुद्धी अधिकच लागते. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर बसते ते काना-मात्रेसकट. आडव्या शब्दातला ‘की’ आणि उभ्या शब्दातला ‘कि’ एकमेकांना छेदू शकत नाहीत. इंग्रजी कोडेकाराला सव्वीस चिन्हांवर छेद साधायचा असतो, मराठी कोडेकारापुढे नुसत्या बाराखडीचीच चारशेवर अक्षरे असतात आणि जोडाक्षरे वेगळी. ‘कार्त्स्न्य’ हा शब्द दोन घरांत मावतो, त्यातल्या दुसऱ्या घरात पाच व्यंजने असतात. मग हा शब्द आखूड म्हणायचा की लांब?

मुंबईच्या छापखान्यांनी या प्रश्नाशी हातांनी झुंज दिली आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजींनी 1864 साली टाइपांचा कारखाना काढला आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. कोलभाट गल्लीतल्या त्या छापखान्याची ग्रंथांवरची सुबक अक्षरे आजही डोळ्यांत भरतात. अक्षर सबंध ओतायचे की त्याचे तुकडे ओतून जुळवायचे, याला ‘अखंड’ आणि ‘डिग्री’ अशी नावेच पडली. खिळे जुळवणाऱ्याला रफाराचा र, ‘प्र’मधला र आणि ‘दऱ्या’मधला र हे वेगवेगळ्या आकाराचे एकच व्यंजन आहे हे पक्के ठाऊक असे.

संगणकाला ते सांगावे लागते. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’तल्या र ला वेगळा क्रमांक आहे, शिवाय तो अक्षराकार टंकण्याची दुसरीही रीत आहे. त्यामुळे र असलेले शब्द मागितले तर साधा शोध समुद्राचा ‘दर्या’ आणून देतो आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ गाळतो. अ मागितला तर ‘अननस’ मिळतो, ‘कमल’ मिळत नाही. खरे तर ‘कमल’च्या प्रत्येक अक्षरात अ आहे.

अक्षर आणि त्यातले सुटे स्वर-व्यंजन म्हणजे वर्ण, यांतला हा भेद मोरोपंतांना (1729–1794) पुरता अवगत होता. बारामतीच्या या कवीच्या 108 रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे, ओठ न जुळवता म्हणायचे. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे राम, लक्ष्मण, भरत, हनुमान ही नावेच बाद! ज्याची कथा सांगायची त्याचेच नाव घ्यायचे नाही, एवढे बंधन सांभाळायला केवढा शब्दसाठा जिभेवर असावा लागेल. जॉर्ज पेरेक यांनी 1969 साली ‘ई’ हे अक्षर टाळून फ्रेंच कादंबरी लिहिली, तिचे कौतुक जगभर झाले. पंतांचे हे काम मात्र आपल्याकडे बऱ्याचदा शब्दांची कसरत म्हणून उडवून लावले जाते. मला ते भाषेचे सूक्ष्म निरीक्षण वाटते.

आज साधने हाताशी आहेत. मोल्सवर्थचा 1857चा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाने संगणकावर शोधता येतील असे ठेवले आहेत. हवी आहे ती मराठीच्या घडणीची जाण असलेली शोधपद्धती. वर्ण मागितला तर ‘लोकमान्य’ देणारी, अक्षर मागितले तर तो नाकारणारी, आणि कोशात नसलेले ‘लोकमान्यांच्यासारख्यांनासुद्धा’ हे रूप सामान्यरूपापर्यंत उलगडून मूळ शब्दाशी नेणारी. कवीला यमकासाठी, शिक्षकाला उच्चारात अडखळणाऱ्या मुलासाठी, कोडेकाराला चौकटीसाठी ती लागेल. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेने कोशकार, व्याकरणकार आणि संगणकतज्ज्ञ एका टेबलाशी बसवावेत आणि पहिल्याच बैठकीत ‘लोकमान्य’मध्ये ल आहे की नाही याचा निकाल लावावा.