पुसता न येणारी गोष्ट

2019 च्या इंकटोबरच्या यादीत ‘भूत’ हा शब्द 22 ऑक्टोबरला आला होता. हॅलोविन 31 ला. त्या वर्षी रोजच्या शब्दावरून महिनाभर एकच सलग भयकथा रंगवायची असे ज्यांनी ठरवले होते, त्यांच्यापुढे मोठाच पेच पडला. भूत एकदा दाखवून झाले की उरलेले नऊ दिवस करायचे काय? भयकथेत भूत समोर आले की निम्मी भीती ओसरते, हे गोष्ट सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. यादी मात्र पुढे चाललीच होती: प्राचीन, भोवळ, चविष्ट, अंधार, कोट, स्वारी, जखमी, पकडणे आणि अगदी हॅलोविनच्या दिवशी ‘पिकलेले’.

ज्यांना हा उपक्रम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने 2009 च्या ऑक्टोबरात स्वतःपुरता एक नेम धरला. शाईवरचा आपला हात सुधारावा म्हणून महिनाभर रोज एक शाईचे चित्र काढायचे. इतरांनी तो उचलला आणि काही वर्षांत जगभरचे चित्रकार, विद्यार्थी, हौशी माणसे ऑक्टोबर उजाडला की टाक आणि दौत काढून बसू लागली. 2016 पासून रोजच्या शब्दाची यादीही निघू लागली. रोज जमत नसेल तर दिवसाआड काढा, आठवड्यातून एक काढा, अशी मुभा पार्करनेच देऊन ठेवली आहे.

बहुतेक जण एकतीस सुटी चित्रे काढतात. हाताला वळण लागावे म्हणून ते योग्यच आहे. पण माझे मत असे की या उपक्रमाची खरी ताकद सुट्या चित्रांत नाही, ती एका सलग गोष्टीत आहे. आणि गोष्टही शक्यतो भयाची असावी. ऑक्टोबर हा हॅलोविनचा महिना, एवढेच त्याचे कारण नाही. शाई, तारीख आणि भय या तिन्हींचा स्वभाव एकच आहे. घडले ते मागे घेता येत नाही.

शाईचे आधी पाहू. पेन्सिलीने काढणारा माणूस कागदावर विचार करतो. चुकले तर खोडतो, पुन्हा काढतो. शाईत तो विचार आधी व्हावा लागतो, किंवा रेघ उमटल्यावर तिला सामावून घ्यावे लागते. कोणी म्हणेल, पांढरा रंग लावून झाकता येते. झाकता येते, पण त्या जागेवर पुन्हा टाक फिरवला की तो अडखळतो आणि जाणकार डोळ्याला ती जागा लगेच कळते. तारखेचेही तसेच. पाच तारखेचे चित्र लोकांनी पाच तारखेला पाहिले. सहा तारखेला तुम्हाला वाटले की नायिकेच्या हातात कंदील नसता तर बरे झाले असते, तरी आता तो तिच्या हातात आहे. पुढच्या सव्वीस दिवसांत एकतर तो विझला पाहिजे, नाहीतर हरवला पाहिजे, नाहीतर त्याच्या उजेडात काहीतरी दिसले पाहिजे.

आणि भयकथा तरी दुसरे काय असते? उघडू नये ते दार कोणीतरी उघडते, देऊ नये तो शब्द देते, घेऊ नये ती वस्तू घरी आणते. पुढचे सगळे त्या एका कृतीचे देणे असते. लिंड वॉर्डची ‘गॉड्स मॅन’ ही 1929 मध्ये आलेली कादंबरी याचा नमुना म्हणून पाहावी. तिच्यात एकही वाक्य नाही, फक्त लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापलेली 139 चित्रे. एक चित्रकार मुखवटा घातलेल्या अनोळखी माणसाशी करार करतो आणि त्याच्याकडून एक जादूचा कुंचला घेतो. कीर्ती मिळते, तिच्यापाठी सगळी दुर्दशा येते आणि शेवटी मुखवटा उतरतो तेव्हा मागे कवटी असते. लाकडात एकदा कोरलेली रेघ बुजवता येत नाही. मोडता न येणाऱ्या कराराची गोष्ट अशा माध्यमात सांगितली जाते, तेव्हा आशय आणि साधन यांत भेदच उरत नाही.

आता त्या नऊ दिवसांकडे येतो. त्या यादीवरून मी जी गोष्ट रचली तिचे स्थळ अमेरिकेतले भोपळ्याचे शेत होते. पहिला शब्द होता ‘अंगठी’, म्हणून पेरणी करताना एका बाईच्या बोटातून अंगठी निसटून मातीत पडते, इथे सुरुवात. ती बाई आता हयात नाही. तिचा नवरा रात्री शेतात फिरताना दिसतो आणि शेजारची मुलगी त्याला खिडकीतून पाहते. 22 तारखेला कळते की तोही हयात नाही. इथवर वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न होता: तो कोण? त्याचे उत्तर मिळाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. यादीने ती संपू दिली नाही, म्हणून दुसरा प्रश्न शोधावा लागला: त्याला हवे काय आहे? ‘कोट’ या शब्दाच्या दिवशी मुलगी बुजगावण्याच्या अंगावरचा कोट काढून कुंपणावर ठेवते, कारण तिला वाटते की शेतात फिरणाऱ्या त्या माणसाला थंडी वाजत असेल. शेवटच्या दिवशी भोपळा पिकला आहे आणि त्याच्या देठात ती अंगठी घट्ट रुतून बसली आहे. कळी लहान असताना ती अंगठीतून वर आली आणि पुढे देठ जाड होत गेला. भीतीचे रूपांतर कणवेत होण्याचे श्रेय मी स्वतःकडे घेत नाही. शब्दांच्या त्या क्रमाने ते घडवून घेतले. मोकळेपणी लिहायला बसलो असतो तर भूत मी 30 तारखेपर्यंत लपवून ठेवले असते आणि ती गोष्ट इतर शंभर गोष्टींसारखी झाली असती.

बाहेरून आलेल्या क्रमाला शरण जाऊन गोष्ट रचण्याची ही रीत नवी नाही. एडवर्ड गोरीचे ‘द गॅशलीक्रम टायनीज’ हे 1963 चे छोटे पुस्तक इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने जाते: सव्वीस अक्षरे, सव्वीस मुले, प्रत्येकाचा मृत्यू. विषय ऐकून अंगावर काटा येतो, पण चित्रे पाहताना लक्षात येते की गोरी बहुतेक वेळा मृत्यू दाखवतच नाही. तो त्याच्या आधीचा क्षण दाखवतो. जिन्यावरून पडणारी मुलगी अजून हवेत आहे. अस्वले अजून मुलापर्यंत पोचलेली नाहीत. कंटाळ्याने मरणारा एक मुलगा आहे. त्याच्या चित्रात एक मोठी खिडकी, तिच्या आत दाट अंधार आणि अगदी खालच्या कडेला त्याचे इवलेसे डोके, एवढेच दिसते. तो अंधार गोरीने बारीक रेघा एकमेकींवर आडव्या-तिडव्या टाकून विणलेला आहे. त्या रेघा मोजता येणार नाहीत इतक्या आहेत आणि त्या ओढायला लागलेला वेळ चित्रात साठून राहिला आहे. कंटाळा दाखवायला याहून चोख उपाय मला तरी सुचत नाही.

यादीचा दुसरा मोठा दाखला रे ब्रॅडबरीचा. हॅलोविन आणि ऑक्टोबर यांना अमेरिकी कथेत ज्याने कायमची जागा मिळवून दिली, तो हा लेखक तरुणपणी नुसत्या नामांच्या याद्या करीत असे: तळे, रात्र, गर्दी, कोयता. मग त्यातला एक शब्द कागदाच्या माथ्यावर टंकायचा आणि तो कुठे नेतो ते पाहायचे. ‘द लेक’ ही कथा त्याच्या हाती अशीच आली, वयाच्या बाविसाव्या वर्षी. आपल्याला आपला आवाज सापडला तो तिच्यात, असे तो मानत असे. पुढे ‘द हॅलोविन ट्री’च्या वेळी तर चित्र आधी आले. झाडावर लटकलेल्या भोपळ्यांचे चित्र ब्रॅडबरीने स्वतः रंगवले होते. कादंबरी 1972 मध्ये निघाली, जोसेफ मुग्नाईनीच्या रेखाटनांसह.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. रोज सुचेल तसे काढत गेले तर गोष्ट सैल होते, पात्रे येतात आणि विसरली जातात, शेवट ओढूनताणून लावावा लागतो. हे खरे आहे. ऑक्टोबरातल्या अनेक गोष्टी दुसऱ्या आठवड्यात अशाच भरकटतात. पण त्यावर उपाय म्हणून सप्टेंबरमध्येच एकतीसही चौकटी पक्क्या करून ठेवणे मला पटत नाही. तसे केले की ऑक्टोबर उरतो तो फक्त गिरवण्यापुरता. फक्त जागा ठरवावी: एक घर, एक वाट, एक शेत. त्यातली माणसे दोन किंवा तीन. शेवट कुठे आहे हे हॅलोविनने आधीच सांगून ठेवले आहे. 31 च्या रात्री दारावर थाप पडणार, हे लहान मुलालाही ठाऊक असते. ती थाप कोणाची, एवढे मात्र महिन्याच्या हाती सोडावे.

सलग गोष्टीचा हाताला होणारा फायदाही कमी नाही, उलट जास्तच. सुट्या चित्रात माणूस आपल्याला जमते तेच काढतो. ज्याला घुबड जमते तो शब्द कोणताही असो, घुबड काढतो. गोष्टीत कालची मुलगी आज पाठमोरी काढावी लागते, उद्या वरून, परवा धावताना, आणि ती तीच आहे हे ओळखू यावे लागते. तेच घर दहा वेळा काढावे लागते. दहाव्या वेळी हाताला त्याची प्रत्येक फट पाठ झालेली असते, आणि पाहणाऱ्यालाही. मग एके दिवशी माडीवरची एक खिडकी उघडी दाखवली की पुरते. वेगळे भूत काढावे लागत नाही.

‘अंधार’ या शब्दाच्या दिवशी मी जे केले ते जरा तपशिलाने सांगतो. कागद जाड होता, तरी पाऊण पानभर शाई भरली की तो फुगून वर येतो. म्हणून त्याच्या चारही कडा फळीला चिकटपट्टीने आधीच बांधून घेतल्या. काळा भाग टाकाने भरायचा नाही, कुंचल्याने भरायचा, आणि भरताना थांबायचे नाही. थांबले तर वाळलेल्या आणि ओल्या शाईच्या सांध्यावर काठ दिसतो. चित्रात एक कंदील होता, त्याच्या पत्र्याला पडलेली भोके तेवढी कोरी सोडायची. काळ्यावर नंतर पांढरे ठिपके देऊन तो उजेड येत नाही. कोऱ्या कागदाचा पांढरा आणि रंगाचा पांढरा यांत फार फरक आहे. म्हणजे उजेड कुठे असणार हे अंधार भरायच्या आधी ठरलेले पाहिजे.

हॅलोविनचा कंदीलही याच रीतीने घडतो. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये तो मूळचा सलगमचा. आत कोरून, तोंड-डोळे कापून, आत दिवा ठेवायचा. स्थलांतरित अमेरिकेत आले आणि तिथे मोठा, कोरायला सोपा भोपळा हाताशी आला. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या संग्रहालयात जुन्या सलगम-कंदिलाची एक प्रतिकृती जपून ठेवली आहे. सुरकुतलेला, दात विचकलेला तो चेहरा आजच्या गोलमटोल भोपळ्यापेक्षा कितीतरी भेसूर आहे. हॅलोविनचे मूळ असलेल्या साविन या केल्टिक सणाच्या रात्री, हिवाळ्याच्या उंबऱ्यावर, मेलेली माणसे आणि जिवंत माणसे यांच्यातला पडदा विरळ होतो अशी समजूत होती. त्या अंधारात चेहरा दिसायचा तो कापून काढलेल्या जागेतूनच.

इंकटोबरवर झालेल्या वादाचे मला फार महत्त्व वाटत नाही. 2019 च्या अखेरीस नावाच्या ट्रेडमार्कवरून बराच संताप झाला आणि अनेक चित्रकारांनी आपापल्या स्वतंत्र याद्या सुरू केल्या. ते चांगलेच झाले. यादी कोणाची हे गौण आहे. ती आपण स्वतः आपल्या सोयीने केलेली नसावी, इतकेच. मला खरी काळजी वाटते ती रोजच्या कौतुकाची. सुटे, देखणे चित्र चटकन वाहवा मिळवते. गोष्टीतले बाराव्या दिवसाचे, नुसता रिकामा जिना दाखवणारे चित्र मिळवत नाही. तो जिना नसेल तर तेराव्या दिवसाला अर्थ नाही, हे माहीत असूनही हात देखणेपणाकडे वळतो.

चित्राने आधी चालावे आणि शब्दाने मागून यावे, ही कल्पना एकेकाळी मोठ्या प्रकाशनांनाही परकी नव्हती. 1836 मध्ये ‘पिकविक पेपर्स’ सुरू झाले ते रॉबर्ट सीमोर या चित्रकाराच्या कल्पनेतून. तरुण डिकन्सला बोलावले होते ते चित्रांना जोडून मजकूर पुरवायला. डिकन्सने पहिल्यापासूनच सूत्रे आपल्या हाती घेतली, दुसरा अंक निघण्याआधी सीमोरने आत्महत्या केली आणि तेव्हापासून चित्र मजकुराच्या मागे गेले. आपल्याकडे ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून कथाचित्र म्हणजे कथा हातात आल्यावर काढलेले चित्र. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या परंपरेतली भयकथा आजही दिवाळी अंकात येते, तिच्या माथ्यावर एक चित्र असते, आणि ते चित्र कथेत आधीच सांगितलेले पुन्हा सांगते. आपल्या तरुण चित्रकारांतले कितीतरी जण दर ऑक्टोबरात शाईने पाने भरत आहेत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्यांच्यापैकी एखाद्याला सोळा पाने द्यावीत, सोबत सोळा शब्दांची यादी द्यावी, आणि कथालेखकाला सांगावे की चित्रे पूर्ण झाल्यावर ये. मजकूर लागलाच तर लिही.