पोटगी थकली, पासपोर्ट अडला

अमेरिकेत मुलांच्या पोटगीची थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की बापाला, किंवा आईला, पासपोर्ट मिळत नाही. असलेला रद्दही होऊ शकतो. १९९६ साली क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्यातली ही तरतूद. तेव्हा मर्यादा ५,००० डॉलरची होती, ऑक्टोबर २००६ पासून ती निम्म्यावर आली. राज्याचं पोटगी खातं थकबाकीदाराचं नाव कळवतं आणि परराष्ट्र खातं अर्ज अडवतं. दाद मागायला गेलं तर ‘ज्या राज्यात देणं आहे तिथे जा’ एवढंच उत्तर मिळतं. काही रक्कम भरून थकबाकी मर्यादेखाली आणली, तरी नाव आपोआप निघत नाही. ते राज्यानेच काढायला सांगावं लागतं.

मुळात हे मला न्याय्य वाटतं. मुलाचं दूध, औषध, शाळेची फी पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही. परदेशाचं तिकीट काढण्याची ऐपत असेल, तर त्या पैशावर पहिला हक्क मुलाचा. कॅलिफोर्नियातल्या एका आईकडे वीस हजार डॉलरहून जास्त पोटगी थकली होती आणि तिला परदेशी जायचं होतं. प्रवासाच्या स्वातंत्र्याचा तिचा दावा २००२ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला. एका न्यायाधीशाने मात्र विरुद्ध मत नोंदवलं. त्या मताकडे दुर्लक्ष करू नये. परदेशी जाण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग, हे आपल्याकडेही १९७८ च्या मनेका गांधी खटल्यापासून पक्कं झालं आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. २,५०० डॉलरचा आकडा माणसाची ऐपत विचारत नाही. नोकरी गेली, तुरुंगवास झाला, तरी वेळेत अर्ज करून हप्ता कमी करून घेतला नसेल तर देणं चढतच राहतं. एकदा थकलेली रक्कम न्यायालयालाही मागाहून कमी करता येत नाही, असा कायदा १९८६ पासून आहे. त्यातही आईने सरकारी मदत घेतलेली असेल, तर वसुलीतला वाटा सरकारी तिजोरीत जाऊ शकतो. मुलाच्या नावाने बापाची वाट अडवायची आणि पैसा मुलापर्यंत पोचू द्यायचा नाही, हे मला अजिबात पटत नाही.

हा नियम फक्त अमेरिकी पासपोर्टला लागू आहे. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या, खिशात भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी नवऱ्याला तो लागत नाही. मुलांची पोटगी देशाबाहेरून वसूल करण्याच्या २००७ च्या हेग करारात भारत नाही. त्यामुळे साताऱ्यात मुलाला वाढवणाऱ्या बाईला इथल्या न्यायालयाचा हुकूम हातात असूनही तिकडे नव्याने झगडावं लागतं. आपल्या कायद्यात पोटगी थकवणाऱ्याला तुरुंगाची तरतूद आहे, पण परदेशात बसलेल्याला तिची भीती कसली? त्याला पासपोर्टची मात्र गरज पडतेच.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या, सात वर्षं रेंगाळलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. अमेरिकी नियमात नेमकी हीच चौकशी नाही. ऐपत असूनही पोटगी बुडवली असं या प्रतिज्ञापत्रावरून ठरलं, तर कुटुंब न्यायालयाने थेट पासपोर्ट कार्यालयाला कळवावं आणि नूतनीकरण थांबावं, अशी तरतूद संसदेने करायला हवी. ज्याची खरोखर ऐपत नाही त्याचा हप्ता त्याच सुनावणीत कमी करावा.