गतकाळाचे मैदान

खामगावात माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. तरुणपणी नोकरीनिमित्त ते मुंबईत होते आणि कूपरेज मैदानावरील रोव्हर्स करंडकाचे सामने हा त्यांचा वर्षाचा सण असे. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणाऱ्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे नाव आजही ते आदराने घेतात. इंग्लंडचा फुटबॉल त्यांना वृत्तपत्रांतून आणि रेडिओवरून कळे. आता तो दूरचित्रवाणीवर घरात येतो, परंतु पाहता पाहता ते उसासा टाकतात, "खेळ गेला, बाजार राहिला."

हा उसासा खोटा नाही. १९६१ पर्यंत इंग्लंडमधील खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांहून अधिक वेतन देता येत नसे. खेळाडूचे जीवन प्रेक्षकातील कामगाराच्या जीवनाहून फारसे निराळे नव्हते. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, तिकिटे महागली. गरिबाची हक्काची जागा आक्रसली, ही हानी खरीच आहे.

पण आठवण संपूर्ण सत्य सांगते का? ज्या वेतनमर्यादेमुळे खेळाडू आपल्यातला वाटे, ती त्याच्यावरचा अन्यायच होती. ज्या जुन्या लाकडी सज्जांची आज हळहळ वाटते, तसाच एक सज्जा ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड येथे पेटला आणि ५६ माणसे दगावली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर, उभ्या प्रेक्षकांच्या गर्दीत चेंगरून झालेल्या मृत्यूंची संख्या अखेर ९७ झाली. दोष मृतांच्या सोबत्यांवर ढकलला गेला. ते निर्दोष असल्याचा निर्वाळा ज्यूरीने २०१६ साली दिला. सत्तावीस वर्षे आप्तांना झगडावे लागले. त्या मैदानांवर सर्वांना बसण्याची सोय झाली, ती या मरणांनंतर.

मिसर देशातून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात काकड्या आणि कांदे आठवले. वेठबिगारी मात्र विसरली. मानवी मन असेच निवडून आठवते. आपल्या कूपरेजचेही तेच नाही का? १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स करंडक अनेक दशके गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स संघाने तो जिंकला, तेव्हा प्रथमच तो भारतीय संघाकडे आला. २०००-०१ नंतर ती स्पर्धाच थांबली. तिच्यासाठी हळहळताना, कोणाला ती उशिरा खुली झाली हेही स्मरावयास हवे.

हे सारे मी त्या वृद्ध गृहस्थांपाशी बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या गर्दीत मीही हौसेने उभा राहिलो असतो." त्यानंतर त्यांनी टीव्ही बंद केला नाही, मात्र शेजारी बसलेल्या नातवाला जुन्या खेळाची गोष्ट सांगताना त्या ९७ जणांचीही गोष्ट सांगितली.

गतकाळावर प्रेम करण्यात पाप नाही. ज्यांनी त्या काळाची किंमत मोजली त्यांना वगळून केलेले प्रेम मात्र अपुरे असते. "आमच्या वेळी" असे मुलांना सांगताना आपण त्यांचीही नोंद ठेवतो का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.