वारसा आणि मोकळीक

मूल्यांचा वारसा हा मालमत्तेच्या वारशासारखा नसतो. घर किंवा जमीन जशीच्या तशी हाती देता येते. मूल्य मात्र घेणाऱ्याने स्वतःच्या विवेकावर पारखल्याखेरीज त्याचे होत नाही. पारखण्याचा अधिकार दिला, की नाकारण्याचाही दिला जातो. कुटुंबातील संस्कारांचा खरा पेच येथे आहे.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या ग्रामस्थांचा बहिष्कार सोसला. त्या वेळी त्यांचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. पटलेले सत्य समाजाला रुचत नसले तरी आचरावे, हा धडा त्या घरात उपदेशाने नव्हे, आचरणाने दिला गेला. पुढे रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या कार्यापायी प्राध्यापकपद गमावले, १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. वडिलांची वाट लोकांना सांभाळून संस्था उभारण्याची; स्त्रीशिक्षणासाठी ते दारोदार वर्गणी मागत हिंडले. मुलाने धर्म आणि नीती यांचीच निर्भीड चिकित्सा केली व एकाकीपण पत्करले. वडिलांचे विषय मुलाने घेतले नाहीत, त्यांची सावध रीतही घेतली नाही. घेतले ते धैर्य.

मग पालकांनी मौनच पाळावे काय? तसे नाही. ज्या घरात कोणतीच ठाम भूमिका दिसत नाही, तेथील मुलाला स्वीकारण्यासारखे काही नसते आणि नाकारण्यासारखेही नसते. ती पोकळी मग गर्दी भरून काढते. मौन म्हणजे आदर नव्हे. मात्र मूल्य आणि त्याचा आचार यांत पालकाने भेद केला पाहिजे. आचार त्याच्या काळाचा असतो. मूल्याला मुलाच्या काळात नवे रूप घ्यावेच लागते, आणि ते रूप पालकाला अनोळखी, प्रसंगी अप्रियही वाटेल. स्वातंत्र्याचा आदर करण्याची किंमत ती हीच, आणि ती पालकानेच मोजायची असते.

१९५८ साली धोंडो केशवांना भारतरत्न मिळाले. तेव्हा रघुनाथरावांना जाऊन पाच वर्षे लोटली होती. समाजाने पित्याला स्वीकारले, पुत्राला त्याच्या हयातीत दूरच ठेवले. तरी पंक्तीबाहेर बसण्याची तयारी दोघांचीही होती, आणि ती मुलाने प्रथम पाहिली होती वडिलांच्या घरी.